ध्रुवाजवळचे प्रवाह आणि वडवणीची जमीन

४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. सूर्यास्तानंतर फिकट असलेला, रंग पालटत राहणारा आणि पहाटेपर्यंत टिकलेला उजेड, अशी त्याची बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रात त्याच आठवड्यात छापून आली. ज्या चुंबकीय वादळाने हा उजेड आला त्याच वादळात कुलाबा वेधशाळेतले चुंबक आपल्या नेहमीच्या जागेवरून विलक्षण ढळले आणि मुंबई ते एडन या समुद्राखालच्या तारेवर काही तास संदेश नीट जाईनात. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. बीड जिल्ह्यातले वडवणी हे तालुक्याचे गाव जवळपास त्याच अक्षांशावर, मुंबईच्या पूर्वेला सुमारे ३४० किलोमीटरवर आहे. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होते. मुंबईत जे दिसले ते वडवणीहून, बालाघाटाच्या डोंगरांच्या पायथ्याहून, दिसायला निसर्गनियमांची कोणतीही आडकाठी नव्हती. या घटनेकडे आपण एक नवलाची गोष्ट म्हणून पाहतो आणि पुढे जातो. ध्रुवीय प्रकाश हा नॉर्वे, अलास्का, अंटार्क्टिका यांचा विषय, आपला नव्हे, असे मनात पक्के बसलेले असते. ही समजूत चुकीची आहे, एवढेच मला या लेखात पुराव्यानिशी दाखवायचे आहे. ध्रुवाजवळच्या आयनांबरात (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरात) वाहणारे वीजप्रवाह आणि वडवणीच्या काळ्या मातीखालचा कातळ हे एकाच विद्युतव्यवस्थेचे भाग आहेत, आणि या व्यवस्थेच्या सर्वांत जुन्या व सर्वांत मोलाच्या नोंदींपैकी काही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घेतल्या गेल्या आहेत.

पहिली शंका अगदी साधी आहे. इतक्या दक्षिणेला तो प्रकाश दिसलाच कसा? उत्तर भूमितीत आहे. ऑक्सिजनच्या अणूंचा तांबडा प्रकाश जमिनीपासून २०० ते ४०० किलोमीटर, कधी त्याहूनही उंचावर निर्माण होतो. ४०० किलोमीटर उंचीवरचा उजेड सुमारे २२०० किलोमीटर अंतरावरून क्षितिजाशी टेकलेला दिसू शकतो. वडवणीहून सरळ उत्तरेला एवढे अंतर मोजले तर आपण हिमालय आणि काराकोरम ओलांडून यारकंदपाशी, ताक्लामाकान वाळवंटाच्या कडेला पोचतो. म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा मध्य आशियापर्यंत खाली सरकला तरी तो मराठवाड्याच्या क्षितिजावर येऊ शकतो. एरवी हा पट्टा चुंबकीय अक्षांश ६५ ते ७० अंशांच्या आसपास असतो. भारताच्या बाबतीत अडचण अधिक, कारण पृथ्वीचा चुंबकीय अक्ष अमेरिकेच्या बाजूला कललेला असल्याने आपला चुंबकीय अक्षांश भौगोलिक अक्षांशापेक्षा बराच कमी भरतो. वडवणीचा तो १० अंशांच्या किंचित वर येतो. म्हणून १८७२ ची रात्र अपवादात्मक होती हे मान्य. पण डोळ्यांना दिसणारा उजेड हा या प्रवाहांचा फक्त दर्शनी भाग आहे. त्यांचा जो परिणाम दिसत नाही, तो अपवादात्मक नाही. तो जवळजवळ रोजचा आहे.

हे प्रवाह कसे चालतात ते थोडक्यात पाहू. सूर्याकडून सतत विद्युतभारित कणांचा झोत येतो, सेकंदाला चार-पाचशे किलोमीटर वेगाने. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला थोपवते. सूर्याच्या बाजूला ते दबते आणि रात्रीच्या बाजूला लांब शेपटासारखे ताणले जाते. या ताणात ऊर्जा साठते. झोताबरोबर आलेले चुंबकीय क्षेत्र दक्षिणमुखी असले की पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याची गाठ पडते, साठवण वाढते आणि मग शेपटातली ऊर्जा एकाएकी मोकळी होते; यालाच ध्रुवीय उपवादळ म्हणतात. तिच्या जोरावर वीजप्रवाह बलरेषांच्या वाटेने ध्रुवाजवळच्या आयनांबरात उतरतो, तिथे १०० ते १२० किलोमीटर उंचीवर आडवा वाहतो आणि पुन्हा बलरेषांवरून वर परततो. मोठ्या वादळात या आडव्या प्रवाहाची एकूण तीव्रता दहा लाख अँपिअरच्या घरात जाते. बलरेषांवरून उभ्या येणाऱ्या प्रवाहांची कल्पना नॉर्वेच्या क्रिस्टियन बिर्केलँड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मांडली होती. सिडनी चॅपमनसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाला ती पटली नाही, कारण जमिनीवरच्या मोजमापातून तिची खात्री करता येत नव्हती. १९६० च्या दशकात उपग्रहांवरच्या चुंबकमापकांनी ते प्रवाह प्रत्यक्ष गाठले, तेव्हा बिर्केलँड यांना जाऊन दशके लोटली होती.

हे प्रवाह स्थिर नसतात. त्यांच्यावर थरथर असते, आणि त्या थरथरीलाच भूचुंबकीय स्पंदने म्हणतात. चुंबकीय बलरेषेवर भारित वायू बांधल्यासारखा असतो. एकतारीच्या ताणलेल्या तारेला छेडावे तशी ती रेषा डोलू लागते आणि तिच्या लांबीनुसार व तिच्यावरच्या वायूच्या भारानुसार तिचा आवर्तकाळ ठरतो. अशा तरंगांचे गणित स्वीडनच्या हानेस आल्फ्वेन यांनी १९४२ मध्ये मांडले आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सलग, लयबद्ध स्पंदनांचे पाच वर्ग केले जातात. त्यांचा आवर्तकाळ सेकंदाच्या पाचव्या भागापासून दहा मिनिटांपर्यंत पसरलेला आहे. त्यांखेरीज अनियमित, झटक्याने उमटून विरणारी स्पंदने असतात. त्यांतली ४० ते १५० सेकंदांची स्पंदने आपल्यासाठी विशेष महत्त्वाची, कारण ध्रुवाजवळ ऊर्जा मोकळी होते त्याच सुमारास ती उमटतात.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. ध्रुवाजवळचा प्रवाह वडवणीपासून पाच हजार किलोमीटरहून दूर आणि शंभर किलोमीटर उंचीवर. त्याचे चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होणार. मग इथल्या चुंबकसुईला त्याचे काय? नुसत्या अंतराचा हिशोब केला तर आक्षेप बरोबर आहे. पण मोजमाप वेगळे सांगते. अलिबागसारख्या कमी अक्षांशावरच्या वेधशाळेत रात्रीच्या वेळी ती ४० ते १५० सेकंदांची स्पंदने उमटतात, आणि ती ध्रुवाजवळच्या घटनेशी मिनिटा-दोन मिनिटांच्या आत जुळतात. इतकी नेमकी जुळतात की ध्रुवीय उपवादळ नक्की कधी सुरू झाले हे ठरवायला संशोधक अशा दूरच्या, शांत जागांच्या नोंदी वापरतात. त्यांचा आकार लहान असतो, एखाद्या नॅनोटेस्लाच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि अलिबागचे आडवे (जमिनीला समांतर) चुंबकीय क्षेत्र ३८ हजार नॅनोटेस्लांच्या घरात आहे. पण आकाराने लहान म्हणून ती स्थानिक ठरत नाहीत. ती इथे जन्मलेली असूच शकत नाहीत, आणि याचा पुरावा बलरेषेच्या लांबीत आहे. वडवणीतून निघालेली चुंबकीय बलरेषा विषुववृत्तावरून दक्षिणेकडे जाताना जमिनीपासून फार तर दोन-सव्वादोनशे किलोमीटर उंच चढते. ती सगळीच्या सगळी आयनांबराच्या दाट थरात बुडालेली असते. अशी आखूड, दबलेली रेषा मिनिटा-मिनिटाच्या आवर्तकाळाने मोकळी डोलू शकत नाही. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातली रेषा मात्र अवकाशात पस्तीस हजार किलोमीटरहून वर जाते आणि तिचा डोल मिनिटांचा असतो. म्हणजे वडवणीच्या क्षेत्रात मिनिटाची लय सापडली, की ती बाहेरून आलेली आहे हे तिच्या आवर्तकाळावरूनच कळते.

ती येते कशी, याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. एक वाट दाबतरंगांची: शेपटात ऊर्जा मोकळी झाली की तरंग बलरेषांना आडवे ओलांडत आत येतात आणि पृथ्वीभोवतीच्या दाट भारित वायूच्या पोकळीत कोंडून घुमतात. दुसरी वाट आयनांबराचीच. ध्रुवाजवळ विद्युतक्षेत्र बदलले की त्याचा अंश जवळजवळ तत्काळ विषुववृत्तापर्यंत पोचतो. १९६८ मध्ये जपानच्या अत्सुहिरो निशिदा यांनी ध्रुवाजवळचे आणि विषुववृत्तावरचे चढउतार एकाच तालात चालतात हे दाखवले. तिसरी वाट संथ आणि सर्वांत मोठी. शेपटातून आत फेकलेले कण वीस ते चाळीस हजार किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती फिरू लागतात आणि पश्चिमेकडे वाहणारा वलयप्रवाह तयार होतो. त्याचे क्षेत्र पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राच्या विरुद्ध असल्याने सगळ्या उष्ण कटिबंधात सुई एकाच वेळी खाली येते. मे २०२४ च्या वादळात ही घट जगभराच्या सरासरीने ४०० नॅनोटेस्लांच्या आसपास होती. लडाखमधल्या हानले येथून तेव्हा तांबडा उजेड छायाचित्रांत टिपला गेला.

या सगळ्याची सर्वांत भेदक नोंद कुलाब्याची आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा वेधशाळा उभारली, १८४१ पासून तिथे चुंबकीय वाचने सुरू झाली आणि १८४६ पासून ती सलग आहेत. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरच्या डागांच्या समूहावर पांढरा लखलखाट पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी तिथून सुटलेला झोत पृथ्वीवर आदळला. तेव्हा मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याला माणूस दर तासाला डोळ्यांनी वाचन घेत असे, आणि सुई बिथरली की पंधरा किंवा पाच मिनिटांनी घेत असे. त्या दिवशी दुपारच्या आत आडवे क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेले, म्हणजे एकूण क्षेत्राच्या साधारण पंचविसाव्या भागाने. जगातल्या अनेक वेधशाळांची नोंद त्या वादळात कागदाबाहेर गेली. कुलाब्याची टिकली, कारण कमी अक्षांश आणि डोळ्यांनी वाचणारा माणूस. ही वाचने वेधशाळेच्या दप्तरात राहिली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेस आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लाखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी ती नव्याने मांडली, तेव्हा कुलाब्याचा आकडा जगभरच्या अवकाश-हवामानाच्या चर्चेत गेला. आज वीजजाळ्यांसाठी टोकाच्या वादळाचा विचार होतो, तेव्हा त्यामागे अनेकदा मुंबईतल्या एका सकाळची ही वाचने असतात. आपल्याकडे हे फारसे सांगितले जात नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

त्या आकड्यावर वादही झाला, आणि तो वाद या लेखाच्या मुद्द्याशी थेट भिडतो. २००३ च्या निबंधाने १६०० ची घट मुख्यतः वलयप्रवाहाची मानली. २००५ मध्ये सून-इची अकासोफू आणि योहसुके कामिदे यांनी त्याला हरकत घेतली. वलयप्रवाह हळूहळू विरतो, तासांमागून तास, दिवसही लागतात. कुलाब्याची घट मात्र टोकाला पोचून दोनेक तासांत मोठ्या प्रमाणात भरून आली. इतकी अणकुचीदार दरी वलयप्रवाहाची असणे अवघड. त्यात आयनांबरातले आणि बलरेषांवरचे प्रवाह मिसळले असावेत. म्हणजे ज्यांना आपण ध्रुवाजवळचे म्हणतो ते प्रवाह त्या दिवशी खाली, आपल्या बाजूला, सरकले असावेत. उलट बाजूचे म्हणणेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. मुंबईत तेव्हा दिवस होता, आणि दिवसाच्या बाजूला ध्रुवीय पट्टा रात्रीच्या मानाने ध्रुवाकडे राहतो. भर उजेडात तिथे ध्रुवीय प्रकाश असला-नसला तरी कोणाला दिसणार नव्हता. तिसरा विचार मोजण्याच्या पद्धतीचा. पाच मिनिटांनी एकदा वाचलेल्या सुईवरून पाच मिनिटांहून कमी आवर्तकाळाचे स्पंदन वेगळे काढता येत नाही. एखाद्या मोठ्या स्पंदनाचा तळ नेमका वाचनाच्या क्षणी आला तर तो वादळाच्या खोलीत मिसळून जातो. अशी स्पंदने त्या वादळात होती हे ठाऊक आहे: इंग्लंडमधल्या क्यू वेधशाळेच्या छायाचित्रण-नोंदीत बाल्फोर स्ट्युअर्ट यांना ती दिसली आणि १८६१ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली, भूचुंबकीय स्पंदनांचे ते पहिले वर्णन मानले जाते. कुलाब्याच्या वाचनांची तासाभराची सरासरी काढली की घट साधारण निम्म्यावर, ८५० च्या आसपास येते. माझे मत असे की सरासरीचा आकडा वलयप्रवाहाविषयी अधिक प्रामाणिक सांगतो, आणि सरासरी व टोक यांच्यातला जो फरक उरतो, तो जलद बदलणाऱ्या प्रवाहांची खूण आहे. त्याला मोजमापातली अडचण समजून बाजूला टाकणे चूक ठरेल. १९ अंशांवर, मराठवाड्याच्या अक्षांशावर, दिवसाढवळ्या असे प्रवाह जाणवले असतील, तर ध्रुवीय आणि उष्णकटिबंधीय अशी आखून दिलेली सीमा त्या दिवशी तरी उरली नव्हती.

कुलाब्यानंतरची परंपराही महाराष्ट्रातच पुढे गेली. नानाभाई मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. मुंबईत विजेवर ट्राम धावणार हे ठरले तेव्हा तिच्या प्रवाहाने चुंबकीय वाचने नासतील हे ओळखून त्यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. लोखंडाचा अंश नसलेल्या, पोरबंदरी दगडाच्या इमारती. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेऊन दुवा पक्का केला, आणि १९०७ मध्ये ट्राम सुरू झाली तेव्हा काम अलिबागला गेलेले होते. अखंडतेविषयीची ही निष्ठा मला त्यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. १९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ ची कुलाब्याची माहिती दोन खंडांत प्रसिद्ध केली, आणि वादळे घड्याळाच्या तासांनुसार न मांडता वादळ सुरू झाल्यापासून किती तास उलटले त्यानुसार मांडून सरासरी काढली. वादळाचे जगभर सारखे असणारे अंग आणि स्थानिक अंग त्यामुळे वेगळे करता आले. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. आज तिचे मुख्यालय नवी मुंबईत पनवेलजवळ आहे. हीच संस्था अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती या भारतीय स्थानकांवर चुंबकमापके चालवते. मैत्री शांत काळात ध्रुवीय पट्ट्याच्या किंचित बाहेर असते आणि वादळ वाढले की पट्टा सरकून तिच्या डोक्यावर येतो. गिरिजा राजाराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे तीन चुंबकमापके त्रिकोणात मांडली. एकच स्पंदन तीन ठिकाणी किती सेकंदांच्या फरकाने येते यावरून डोक्यावरून जाणाऱ्या छोट्या प्रवाहांचा वेग आणि दिशा काढली. म्हणजे या साखळीचे ध्रुवाकडचे टोक आणि आपल्याकडचे टोक एकाच संस्थेच्या हातात आहे. 

इथवर गोष्ट आकाशाची झाली. वडवणीशी तिचे खरे नाते जमिनीखाली आहे. चुंबकीय क्षेत्र बदलले की वाहक पदार्थात प्रवाह उठतात, हा फॅरडेचा नियम कातळालाही लागू आहे. आकाशातले प्रत्येक स्पंदन मराठवाड्याच्या जमिनीत क्षीण वीजप्रवाह उठवते. स्पंदन जितके संथ तितका तो प्रवाह खोल जातो: मध्यम रोधाच्या खडकात एका सेकंदाचे स्पंदन साधारण पाच किलोमीटर, तर शंभर सेकंदांचे पन्नास किलोमीटरपर्यंत पोचते. जमिनीत काही अंतरावर विद्युताग्रे पुरून त्यांच्यामधला दाब मोजला आणि शेजारी चुंबकीय चढउतार टिपले, की दोहोंच्या प्रमाणावरून खोलवरचा थर वाहक आहे की रोधक ते कळते. या पद्धतीत सेकंदाहून जलद लहरी जगभरच्या विजांच्या कडकडाटातून मिळतात आणि त्याहून संथ सगळ्या या स्पंदनांतून. कृत्रिम विजेची गरज लागत नाही. सूर्य आणि ध्रुवीय प्रदेश मिळून ती फुकट पुरवतात.

हे आपल्या भागात प्रत्यक्ष वापरले गेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. वडवणीपासून किल्लारी आग्नेयेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. हजारो माणसे गेली. दख्खनचा कातळ म्हणजे भूकंपापासून अभय, ही तोवरची समजूत त्या एका पहाटेत कोसळली. मग प्रश्न उभा राहिला: बेसॉल्टच्या थराखाली आहे काय? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारी परिसरात ही विद्युत-चुंबकीय पाहणी केली आणि १९९६ च्या निबंधात ६ ते १० किलोमीटर खोलीवर वाहक थर असल्याचे मांडले. कोरडा ग्रॅनाइट वीज वाहत नाही. वाहक थर म्हणजे बहुधा भेगांत मुरलेले द्रव. किल्लारीला ६१७ मीटर खोल भोकही पाडले गेले, त्यात बेसॉल्ट ३३८ मीटरांवर संपला. भोकाने दाखवले ते अर्ध्या किलोमीटरहून थोडे अधिक. स्पंदनांनी दाखवले ते दहा किलोमीटर आणि त्याहून खाली. भूकंप होतो तिथपर्यंत भोक पाडणे क्वचितच जमते, स्पंदन मात्र जाते. ज्या प्रदेशाने किल्लारी भोगली, त्याला ध्रुवाजवळचे प्रवाह परके आहेत असे म्हणता येणार नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा, आणि मला तो गंभीर वाटतो. आपल्याकडे वादळाने नुकसान कुठे होते? १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्युबेकचे वीजजाळे दीड मिनिटात कोसळले आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. ते ध्रुवीय पट्ट्याच्या जवळ, रोधक कातळावर वसलेले होते. परळीच्या औष्णिक केंद्राला किंवा वडवणीच्या रोहित्राला तसा धोका नाही, हे म्हणणे बहुतांशी खरे आहे. तारेत शिरणारा प्रवाह क्षेत्र किती खाली गेले यावर ठरत नाही, ते किती वेगाने बदलले यावर ठरतो, आणि कमी अक्षांशावर हा वेग कमी असतो. पण दोन गोष्टी या निश्चिंततेला मर्यादा घालतात. दक्षिण आफ्रिकेतही हेच गृहीत धरले होते. २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या वादळांनंतर तिथल्या मोठ्या रोहित्रांची इन्सुलेशन बिघडल्याचे आढळले; एका झटक्याने नव्हे, दीर्घकाळ चाललेल्या मध्यम प्रवाहांनी. त्या देशाचा चुंबकीय अक्षांश वडवणीहून बराच जास्त आहे, म्हणून तुलना जशीच्या तशी लागू करणे चूक; पण 'कमी धोक्याचा प्रदेश' हा शिक्का मोजल्याशिवाय मारू नये, एवढे तिथून शिकायला मिळते. दुसरी गोष्ट, आपले जाळे बदलले आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एक झाले. वाहिनी जितकी लांब आणि तिचा रोध जितका कमी, तितका जमिनीतला प्रवाह तिच्यात शिरायला सोपे. १८७२ मध्ये एडनच्या तारेवर जे झाले ते एका बारीक तारेवर झाले होते.

त्याहून जवळचा परिणाम मोजणीचा आहे. भूमी अभिलेख विभाग आता जमीन मोजायला उपग्रहांवर चालणारी रोव्हर यंत्रे वापरतो. बांधाचा वाद सेंटिमीटरांत सुटावा ही त्यांच्याकडून अपेक्षा असते. उपग्रहाचा संकेत आयनांबरातून येताना उशिरा पोचतो, आणि तो उशीर किती हे आयनांबराच्या दाटीवर अवलंबून असते. वर सांगितलेले, ध्रुवाजवळून तत्काळ विषुववृत्तापर्यंत पोचणारे विद्युतक्षेत्र इथल्या आयनांबराला वर उचलते, त्याची दाटी काही तासांत उलटीपालटी करते. विषुववृत्ताजवळचे आणि त्याच्या दोन्ही अंगांचे आयनांबर मुळातच जगात सर्वांत चंचल आहे, आणि वडवणी त्याच पट्ट्यात बसते. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरांचे मार्गदर्शन चुकले, शेतकऱ्यांना काम थांबवावे लागले. वादळाच्या दिवशी घेतलेली मोजणी शांत दिवशी पुन्हा तपासावी, हा साधा नियम मोजणीदाराच्या कामात यायला कोणताही खर्च नाही; वादळाचा इशारा आधी मिळतो, आणि ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर थांबलेल्या आदित्य-एल१ यानावर त्यासाठी चुंबकमापकही आहे.

अलिबागची नोंद वडवणीला जशीच्या तशी लागू होते का, हा प्रश्न इथे विचारायला हवा. आडव्या क्षेत्राच्या बाबतीत जवळजवळ होते. उभ्या क्षेत्राच्या बाबतीत नाही: समुद्राचे खारे पाणी उत्तम वाहक आहे, स्पंदनांनी उठलेले प्रवाह किनाऱ्यालगत गोळा होतात आणि किनाऱ्यावरच्या वेधशाळेचे उभे क्षेत्र त्याने ढळते. बालाघाटाच्या पायथ्याशी हा दोष नाही. तिथे कातळाचा स्वतःचा प्रतिसाद मोजता येईल. लोखंडी छपरांपासून आणि वीजवाहिन्यांपासून दूर, एखाद्या माळावर सेकंदाला एक वाचन घेणारे चुंबकमापक, विद्युताग्रांच्या दोन जोड्या आणि सोलापूरच्या ७६५ किलोव्होल्ट उपकेंद्रात रोहित्राच्या भूयोजन तारेवर बसवलेला एक प्रवाहमापक, एवढ्या सामग्रीवर आकाशातले स्पंदन, जमिनीतला प्रवाह आणि तारेतला प्रवाह एकाच घड्याळावर जुळवून पाहता येतील. कुलाब्याच्या पाच मिनिटांच्या वाचनांतून जे वेगळे काढता आले नाही, ते सेकंदाच्या वाचनांतून वेगळे निघेल.